‘सेफ्टी’ टाकीच्या खाली काय आहे?

आमच्या गावच्या १ मेच्या ग्रामसभेत यंदा पाऊण तास एकाच विषयावर भांडण झालं. घरकुलांच्या नव्या यादीतल्या घरांना शौचालय कोणत्या पद्धतीचं बांधायचं? तालुक्याहून आलेले साहेब म्हणत होते, दोन शोषखड्ड्यांचंच बांधा, शासनाची शिफारस तीच आहे. गावकरी म्हणत होते, खड्डे श्रावणात वर येतात, आम्हाला सेफ्टी टाकीच पाहिजे. सेप्टिक टँकला आमच्या भागात सगळे ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात आणि या नावातच लोकांचा त्या टाकीवरचा विश्वास दिसतो. शेवटी आवाज चढले, विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या पाऊण तासात टाकीवर बोलणं झालं, खड्ड्यावर झालं, अनुदानावर तर फारच झालं. घराखाली कोणती माती आहे, मुरूम किती फुटांवर लागतो, पावसाळ्यात विहिरीचं पाणी कुठवर चढतं, हे कोणीही विचारलं नाही.

हा वाद आमच्या एकट्या गावाचा नाही. माझी नोकरी ग्रामीण पाणीपुरवठ्याची, त्यामुळे बार्शीच्या काळ्या रानापासून कोकणातल्या राजापूरच्या सड्यांपर्यंत, म्हणजे कातळाच्या पठारांपर्यंत, हीच जुगलबंदी मी ऐकत आलो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. टाकी की खड्डा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न जमिनीचा आहे, आणि त्याचं उत्तर हाती येण्याआधी कोणतंही एक डिझाइन गावावर लादणं चूक आहे, मग ते शासनाने लादलेलं असो वा गवंड्याने. प्रत्येक नव्या घराच्या जागेवर खणून, पाणी ओतून, घड्याळ लावून पाहणं ग्रामपंचायतीने सक्तीचं करावं. शौचालयाचं काम भांडं बसवल्यावर संपत नाही. मैल्याचं पाणी जमिनीत नीट मुरलं तरच ते काम पुरं होतं.

आधी दोन्ही बाजूंचं खरं तेवढं मान्य करतो. दोन खड्ड्यांच्या बाजूने असलेला सगळ्यात मोठा मुद्दा माणुसकीचा आहे. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, आणि मग त्यातून निघतं ते कोरडं, वास नसलेलं खत. घरमालक ते स्वतः फावड्याने काढू शकतो. कोणालाही गळ्यापर्यंत घाणीत उतरावं लागत नाही. ज्या महाराष्ट्रात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाचा प्रयोग केला, मैल्याचं खत व्हावं आणि तो कोणा माणसाच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून आयुष्य घातलं, तिथे हा मुद्दा कोणी हलक्यात घेऊ नये. टाकीत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आजही येतात. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तरीही मृत्यू थांबले नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करावी लागली. दोन खड्ड्यांची बाजू घेणारा माणूस हे सांगतो तेव्हा त्याच्यापुढे मी मान झुकवतो.

गावकऱ्यांचं म्हणणंही अनुभवातून आलेलं आहे. स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांत बांधलेले कितीतरी खड्डे काळ्या जमिनीत दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबले. जाळीदार वीटकामाच्या भोकांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचं पाणी आत आलं, भांड्यात बुडबुडे यायला लागले, बायकांना भर पावसात पुन्हा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला जावं लागलं. अशा घरमालकाला तुम्ही ‘खड्डाच चांगला’ म्हणून सांगाल तर तो तुमचं का ऐकेल? शेजारच्याची टाकी तरी तुंबलेली दिसत नाही.

पण टाकी तुंबत नाही ती का, हे कोणी बघतं का? सेप्टिक टँक मैला शुद्ध करत नाही. जड गाळ खाली बसवायचा, तेलकट साय वर धरायची आणि मधलं पाणी पुढे सोडायचं, एवढंच त्या टाकीचं काम. गाळ आत कुजून थोडा कमी होतो, पण बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं. ते पाणी शुद्ध करण्याचं काम पुढच्या शोषखड्ड्याभोवतालची माती करते. तिच्यातली हवा, तिच्या कणांवर वाढणारे जीवाणू, तिची गाळण. भारतीय मानक ब्यूरोचं या विषयावरचं मानक, आयएस २४७०, म्हणूनच दोन भागांत आहे. पहिल्या भागात टाकी कशी बांधावी, दुसऱ्यात टाकीतून निघालेल्या पाण्याचं काय करावं. आमच्याकडच्या गवंड्यांना पहिला भाग हाताच्या सवयीने येतो. दुसऱ्या भागाच्या जागी चार इंची पाइप असतो, आणि तो गल्लीतल्या गटारात सोडलेला असतो. टाकी तुंबत नाही याचा अर्थ बहुतेक ठिकाणी इतकाच, की घाण घरमालकाच्या दारातून पुढच्याच्या दारात गेली.

आता जमिनीकडे येतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. पण त्या पाषाणावर काय आहे ते कोसाकोसाला बदलतं. कुठे वीस फूट काळी माती, कुठे वीतभर माती आणि खाली मुरूम, कुठे मुरमाखाली मांजऱ्या नावाचा मऊ खडक, कुठे थेट कातळ. विहीर खोदणाऱ्या आपल्या माणसांनी प्रत्येक थराला नाव दिलं, कारण पाणी कुठे लागेल ते त्या थरांवर ठरतं. पाणी शोधताना जी जमीन आपण बोट-बोट तपासतो, तिच्यात मैला सोडताना तिचं नावही विचारत नाही, हे मला फार खुपतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावाबाहेरच्या एका प्लॉटवर आम्ही पाणी मुरण्याची चाचणी केली. तीन फूट खोल, वीतभर रुंद खड्डा. पहारीने खणताना कडांना मातीचा गुळगुळीत लेप बसतो, तो खिळ्याने खरवडून काढला. तळाशी दोन इंच खडी टाकली आणि घागरीने पाणी ओतलं. उन्हाळ्याच्या भेगांनी पहिल्या दोन घागरी बघता बघता पिऊन टाकल्या. मालक खूश. “बघा सायेब, कसं पितंय रान!” तिथेच थांबलो असतो तर त्या जागेला शोषखड्डा उत्तम असं लिहून मोकळे झालो असतो. पण रात्रभर पाणी भरत राहिलो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी धरून फुगतं. सकाळी भेगा मिटल्या होत्या, कडा आत आल्यासारख्या दिसत होत्या. खडीवर सहा इंच पाणी ठेवलं, पट्टी उभी केली आणि बाभळीच्या सावलीत घड्याळ घेऊन बसलो. अर्ध्या तासात पाणी जेमतेम दोन मिलिमीटर उतरलं. चार तासांनीही तोच वेग. म्हणजे एक इंच उतरायला सहा तासांहून जास्त. जिथे एका इंचाला ६० मिनिटांपेक्षा जास्त लागतात तिथे जमिनीत मुरवण्याची पद्धतच वापरू नये, असा जगभर चालत आलेला ठोकताळा आहे.

मग त्याच जागी आणखी खाली गेलो. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. तिथे पुन्हा तेच सगळं केलं, तर एक इंच पाणी वीस मिनिटांच्या आत उतरलं. शेजारच्या विहिरीचं पाणी भर पावसात किती फुटांवर असतं ते मालकाच्या आईंना विचारलं. त्यांनी विहिरीच्या आतल्या पायऱ्या मोजून सांगितलं, साधारण तेरा फूट. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये किमान दोन मीटर कोरडी जमीन हवी, म्हणजे साडेसहा फूट. इथे ती होती. तेव्हा या घराला काळी माती ओलांडून मुरमात टेकलेला, वरचा भाग पक्का आणि फक्त तळाच्या थरात जाळी ठेवलेला शोषखड्डा चालणार होता. तिथून ओढ्याच्या बाजूला दीडशे पावलांवर दुसरा प्लॉट आहे. माती तीच, मालकाचा चुलतभाऊच. पण श्रावणात तिथे चार फुटांवर पाणी. तिथे खड्डाही चालत नाही आणि टाकीपुढचा शोषखड्डाही चालत नाही. तिथे एकतर जोत्यावर उचललेला वाळू-खडीचा थर लागेल, नाहीतर टाकीच्या पाण्यासाठी कर्दळ लावलेला खडीचा पाट. दोन भावांचे दोन प्लॉट, आणि ग्रामसभेत दोघंही ‘काळ्या रानाला टाकीच’ म्हणून एका सुरात ओरडत होते.

काळ्या मातीचा दोष निदान डोळ्यांना दिसतो, तुंबतं, वास येतो, लोक तक्रार करतात. मला जास्त भीती वाटते ती कोकणातल्या जांभ्याची. जांभा भोकाभोकांचा. त्यात पाणी ओतलं तर घड्याळात बघेपर्यंत नाहीसं होतं. राजापूरकडच्या एका वाडीत एक काका मला अभिमानाने सांगत होते, “आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही.” टाकीला तळच घातलेला नव्हता. उताराला चाळीस फुटांवर पिण्याच्या पाण्याची विहीर. मे महिन्यात पंचवीस फूट दोर सोडावा लागतो, जुलैत वाकून कळशी बुडवता येते, असं तिथलं पाणी. त्या विहिरीचं पाणी मी जंतू तपासायच्या छोट्या बाटलीत भरलं आणि काकांच्याच ओटीवरच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली शाईसारखी काळी झाली होती. काकींनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाणी चटकन मुरतं ती जमीन चांगली, हा समज आपल्या हाडीमाशी बसला आहे. मैल्याच्या पाण्याला जमीन बेताची लागते. फार हळू असेल तर ते वर येतं, फार वेगाने असेल तर गाळलं जाण्याआधीच विहिरीत पोचतं. अशा जमिनीत खड्डाच करायचा तर तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा वेढा द्यावा लागतो. टाकी असेल तर तिला तळ हवाच, आणि तिचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर तरी दूर, उताराच्या खालच्या अंगाला हवा.

“आमचे आजे-पणजे याच विहिरीचं पाणी प्यायले, कोणाला काही झालं नाही,” असं उत्तर मला दर वाडीत मिळतं. पण आजे-पणजे परसाकडे रानात जात होते, आणि विहिरीतून कळशीने ओढलेल्या पाण्यात घर भागवत होते. घरामागच्या जमिनीत रोज शेकडो लिटर पाणी घालण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात येणं धरलं आहे. पाच माणसांच्या घरात पावणेतीनशे लिटर. ते पाणी जाणार कुठे? जे खड्डे तांब्या-दोन तांब्या पाण्याच्या हिशेबाने खणले होते, त्यांच्यावर आता फ्लशची टाकी बसली, काही ठिकाणी न्हाणीचं पाणीही त्यातच सोडलं गेलं. ही गोष्ट इतिहासात एकदा घडून गेली आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये घराघरांत नळाचं पाणी आणि फ्लशचे संडास आले, तेव्हा घराखालचे जुने मैलाखड्डे त्या पाण्याने उसळून वाहायला लागले. पुढे ते पाणी नाल्यांमधून थेम्समध्ये सोडलं आणि १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटला बसवेना. पाणी आणण्याचा आनंद मोठा होता, पाणी जाण्याचा विचार मागून आला. आपण तीच चूक त्याच क्रमाने करतो आहोत.

लंडनचीच दुसरी गोष्ट सगळ्यांना अर्धी ठाऊक असते. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं कॉलऱ्याने गेली, आणि डॉ. जॉन स्नो यांनी बोट त्या पंपावर ठेवलं. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याने घरोघर चौकशी करून पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातल्या आजारी तान्ह्या बाळाचा छडा लावला. त्याच्या आईने बाळोत्यांचं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिल्यावर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फूटही लांब नव्हता. वरून पाहणाऱ्याला तिथे एक चांगलं घर आणि एक चांगला पंप दिसत होता. मधली तीन फूट माती कोणी तपासली नव्हती.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप आमच्या खात्यातलेच मित्र घेतात, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, घराघराला चाचणी लावली असती तर २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेलं अभियान पाच वर्षांत काय, पन्नास वर्षांत पुरं झालं नसतं. एकच नकाशा, एकच अंदाजपत्रक होतं म्हणून कोट्यवधी शौचालयं उभी राहिली, आणि अंधारात रानात जाणाऱ्या बायकांची वणवण थांबली. हे खरं आहे. माझ्या आईने ती वणवण केली आहे, म्हणून घाईला मी नावं ठेवत नाही. पण ती घाई जिथे रास्त होती तो टप्पा २०१९ मध्ये संपला. २०२० मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला, जुने एकखड्डी संडास दोनखड्डी करण्याचं काम आलं, नवी घरकुलं होताहेत. आताही मातीकडे न बघता खणत राहिलो तर त्याला कोणती घाई म्हणायची? नांदेडच्या शोषखड्ड्यांचं उदाहरणही मला नेहमी दिलं जातं, काळ्या मातीच्या मराठवाड्यात तिथे गावंच्या गावं गटारमुक्त झाली. झाली, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ते खड्डे मुख्यतः न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याचे. ते पाणी आणि मैल्याचं पाणी यांत फार अंतर आहे. शिवाय नांदेडहून शिकायचं तर खणण्याची हौस शिकावी, त्यांच्या खड्ड्याचं माप उचलून राजापूरच्या सड्यावर नेऊ नये.

खर्चाचं म्हणाल तर चाचणीला पहार, फावडं, चार घागरी पाणी, फूटपट्टी आणि दोन दिवस लागतात. रोजगार सेवक आणि जलसुरक्षक गावात आहेतच, त्यांना हे शिकवायला एक दुपार पुरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते, तिची निरीक्षण विहिरींची वर्षांनुवर्षांची मोजमापं आहेत, ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर का नसावीत? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नमुना नंबर ८ मध्ये, घराची लांबी-रुंदी, छपराचा प्रकार लिहिला जातो. त्याच्याच शेजारी आणखी चार रकाने घाला: मुरूम किती फुटांवर, पाणी मुरण्याचा वेग, भर पावसात पाणी कुठवर, टाकी शेवटची कधी उपसली. खरा खर्च आहे तो पुढचा, जिथे जमीन अवघड आहे तिथल्या घराचा. तो एकट्या घरमालकावर टाकणं अन्याय आहे. सड्यावर किंवा ओढ्याकाठी जन्माला येणं हा काही त्याचा दोष नाही. अनुदान सरसकट एकच ठेवण्याऐवजी जमिनीप्रमाणे कमीजास्त करावं, अशी माझी मागणी आहे. दुर्गम भागासाठी रस्त्याचा दर वेगळा धरता येतो, तर कातळासाठी शौचालयाचा का नाही?

टाकी जिथे बांधावीच लागेल तिथे ती उपसण्याची सोय आधी ठरली पाहिजे. दोन-तीन वर्षांनी गाळ काढला नाही तर तो शोषखड्ड्यात जातो आणि चांगली मातीही कायमची बंद पाडतो. आज गावात मैलागाडी येते ती टाकी उतू गेल्यावर, आणि रिकामी होते गावाबाहेरच्या ओढ्यात. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी दुसरा मार्ग दाखवला आहे. तक्रार येण्याची वाट न बघता तीन वर्षांच्या फेरीत घराघरातली टाकी उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रातच न्यायचा. तालुक्याच्या गावी असं केंद्र असेल तर आसपासच्या पंधरा-वीस ग्रामपंचायतींनी त्याच्याशी करार का करू नये? आणि ज्यांना ते शक्य नाही, जिथे गाडीच पोचत नाही, त्यांनी देहूकडे बघावं. तिथे डॉ. मापुसकरांनी वैद्यकीय अधिकारी म्हणून येऊन संडासाला जोडलेल्या गोबरगॅससाठी आयुष्य वेचलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका डॉक्टरने हे काम हाती घेतलं, कारण त्याच्या दवाखान्यात येणारे रोग तिथूनच येत होते.

आमच्याकडे हा विषय आता १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत येणार आहे, आणि मला ते बरं वाटतं. १ मेला विहिरी तळाला असतात, रान भेगाळलेलं असतं, आणि प्रत्येकाला आपली जमीन पाणी पिणारी वाटते. ऑगस्टात खरी परिस्थिती समोर असेल. सरपंचांना मी एकच विनंती केली आहे. झेंडावंदन झालं की सभा समाजमंदिरात न भरवता ओढ्याकडच्या त्या प्लॉटवर भरवा. आदल्या दिवशी मी तिथे चार फुटांचा खड्डा खणून ठेवतो. त्याच्या काठावर उभं राहून सगळ्यांनी आत बघावं, साहेबांनीही, आणि मग ठरवावं. सरपंचांनी अजून हो म्हटलेलं नाही. पहार मात्र मी पाजळून आणली आहे.